पान एकशे बारा

चिराबाजारात, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत
झेरॉक्सच्या दुकानावर पोटमाळा आहे.
शिडीला दोर बांधलाय, तो धरून चढायचं, डोकं सांभाळायचं.
तिथे नफीसा परकार माझी कादंबरी टाइप करत होती,
पानाला अठरा रुपये,
ऱ्हस्व-दीर्घ तिच्याकडून फुकट.

मी पाठीशी उभा राहून सांगायचो,
इथे स्वल्पविराम, इथे नवा परिच्छेद,
आणि तिची बोटं चालायची.
नखांपासून दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी,
पुढे गव्हाळ.
तीन महिने मी ती पाहत होतो
आणि पाहिली नव्हती.

माझ्या कादंबरीत एक दलाल आहे, वसंता.
खोल्या रिकाम्या करवतो, म्हाताऱ्यांना धाक घालतो.
वाचकाला लांबूनच ओळखू यावा
म्हणून मी त्याच्या ओठांवर कोड दिलं होतं.
दिलं म्हणजे काय, चिकटवलं,
नाटकातल्या मिशीसारखं.
वर एक उपमाही होती. ती इथे लिहीत नाही.

प्रुफं आली. एकशे बारावर एकही चूक नव्हती.
उपमेतला अनुस्वारसुद्धा जागेवर.
समासात फक्त पेन्सिलीने, बारीक:
"हे डाग पुढे कुठे लागतात का? नसतील तर एक ओळ वाचेल."

मी शिडी उतरलो, पुन्हा चढलो.
म्हणालो, माझ्या मनात तसं काही नव्हतं.
"मनातलं मी टाइप करत नाही," ती म्हणाली,
आणि खाली वाकून दोन चहा सांगितले.
"चाळीसवरचा तुमचा खाटीक
चार वाक्यांत पाच वेळा या अल्ला म्हणतो.
माझे अब्बा गोदीत कारकून होते.
पंखा बंद पडला की म्हणायचे, झालं कल्याण!"

रात्री मुलुंडला पोचून मी प्रायश्चित्ताला बसलो.
वसंताचं कोड काढून एका मुलीला दिलं:
सोशिक, गोड गळ्याची, सगळ्यांना माफ करणारी,
पान दोनशेवर मरणारी.
आठ पानं एका बैठकीत. डोळे भरून आले. माझेच.

नफीसाने आठही टाइप केली, पैसे मोजून घेतले.
"ही कधी भांडत नाही? हिला भूक लागत नाही?
मी बहिणीशी सहा महिने अबोला धरला होता,
एका बांगडीवरून. चूक माझीच होती.
असलं काही द्या की तिला."

मग, स्क्रीनकडे बघतच:
"सातवीत वाचनालयातून एक पुस्तक आणलेलं.
त्यातल्या चेटकिणीचे हात पांढरे होते.
शेवटपर्यंत मी पट्टीने पानं उलटली.
बाईंनी विचारलं, कसं वाटलं? म्हटलं, छान.
छानच होतं. तेच तर."

वसंताला आता ओळखायचं कसं, दोन आठवडे कळेना.
शेवटी लिहिलं: तो म्हातारीच्या दाराबाहेर चप्पल काढतो,
गुडघ्यांची चौकशी करतो, पाणी मागतो,
आणि पिता पिता डोळ्यांनी भिंत मापतो.
लिहिताना घाबरलो. तो
माझ्या मामासारखा दिसू लागला होता,
थोडा माझ्यासारखाही.

मुलगी जगली. भांडते, उधारी बुडवते,
तिचं कोड एकदाच येतं, ऊन चावतं तेव्हा.
खाटीक मात्र अजून जमलेला नाही.
म्हटलं, नफीसा, तुम्हीच वाचून सांगा.
"मी काय सगळ्या मोहल्ल्याची सही आहे?
जाऊन बसा त्याच्या दुकानात. सकाळी सहाला उघडतं."

काल एकशे बाराचं नवं प्रुफ आलं.
समासात पेन्सिल:
"वसंता पाणी पितो. पेला परत दिल्याचं कुठे नाही."

मी पुन्हा वाचलं.
खरंच, पेला अजून त्याच्याच हातात होता.